साहेबांची दुखवट्याची पत्रं

जावक क्र. ३ / खासगी
४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र टाइप केलेलं पाहून दचकू नकोस. आता मी बोलतो आणि समोरचा माणूस टाइप करतो. वर्तमानपत्रात वाचलं असशीलच, पण माझ्याकडूनही कळावं म्हणून लिहितो. तुझा धाकटा भाऊ वजनमापे आणि उद्याने या खात्याचा उपमंत्री झाला आहे.

कचेरीतली खोली ऐसपैस आहे. माझी खुर्ची समोरच्या खुर्च्यांपेक्षा चार बोटं उंच ठेवली आहे, त्यामुळे जुन्या ओळखीचा माणूससुद्धा समोर बसला की आपोआप साहेब म्हणतो. टेबलावर तीन घंटा आहेत. एक पाण्यासाठी, एक पीएसाठी. तिसरी कशासाठी ते अजून कोणी सांगू शकलेलं नाही, पण ती वाजवली की दोन माणसं धावत येतात, माझ्याकडे बघतात आणि परत जातात.

आता मुद्द्याचं. बावीस वर्षं मतदारसंघात कोणी वारलं की माझ्या नावाने दुखवट्याचं पत्र तू लिहीत आलीस, खाली माझी सहीसुद्धा तूच करत आलीस. ते मी विसरलेलो नाही. पण आता मंत्र्याचं पत्र साध्या कागदावर हाताने लिहिलेलं जावं, हे बरं दिसत नाही. आमचे पीए म्हणाले की हे काम कचेरीतच व्हायला हवं. त्यासाठी तुझ्याकडच्या जुन्या पत्रांच्या नकलांची पेटी लागेल. ड्रायव्हर येईल त्याच्याकडे दे. तुलाही आता विश्रांती मिळेल.

भाऊजींची तब्येत कशी आहे? पत्र आटोपतं घेतो, बाहेर शिष्टमंडळ खोळंबलं आहे. माझ्यावर आहे तसाच जीव असू दे.

तुझा,
(सही शिक्क्याची)

---

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बातमी वाचून फार आनंद झाला. वजनमापांचं खातं तुला मिळालं हे वाचून हे इतका वेळ हसले की मला पाणी द्यावं लागलं. लहानपणी जत्रेतल्या वजनकाट्यावर चढून तू खिशात दगड भरायचास, ते आठवलं म्हणाले.

तू मोठा झालास हे खरंच आहे, पण कसा झालास ते शिक्का मारणाऱ्याला माहीत नाही, म्हणून आठवण करून देते. पहिल्या निवडणुकीत तू टेबलावर उभा राहून दीड तास बोललास आणि सपाटून आपटलास. मग दुसऱ्या वेळी तुझी गाडी पुढे सरकेना, तेव्हा नदीपलीकडचा नावाडी वारला. मी सहज तुझ्या नावाने त्याच्या बायकोला चार ओळी लिहिल्या की उतरणाऱ्याचे पाय भिजू नयेत म्हणून तो आधी स्वतः पाण्यात उतरून फळी धरायचा, ते मी कधी विसरणार नाही. तू त्या नावेत आयुष्यात बसला नव्हतास. पण ते पत्र त्या काठावर घरोघर वाचलं गेलं आणि सगळा काठ तुझ्या मागे उभा राहिला. तेव्हापासून तू साहेब झालास आणि मी तुझी सही शिकले.

नियम मी एकच पाळला. गेलेल्या माणसाबद्दल एक तरी खरी गोष्ट लिहायची, आणि ती पुन्हा दुसऱ्या कोणाला लावायची नाही. म्हणून तर नकला ठेवत गेले. त्यासाठी न्हाव्याकडे, धोब्याकडे, दवाखान्याच्या बाकावर बसून विचारत फिरायचे. तुझ्या पीएंना बाकावर बसायला सांग, एवढंच. पेटी ड्रायव्हरकडे दिली आहे.

यांचं म्हणशील तर बरं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हृदय सुजलंय, जिना चढायचा नाही. त्यामुळे हे आता खाली दुकानातच खाटेवर असतात आणि पडल्यापडल्या घड्याळं उघडून बसतात. आता हे लिहितेय तर खालून शिंक ऐकू आली आणि पाठोपाठ माफ करा. दुकानात चिटपाखरू नाही. भिंतीवरच्या घड्याळांची माफी मागून झाली.

तुझी आठवण रोज काढतात. मागच्या खेपेला तू मनगटी घड्याळ इथे विसरून गेलास, ते यांनी दुरुस्त करून ठेवलंय. दुकानातल्या प्रत्येक घड्याळाला ते दोऱ्याने चिठ्ठी बांधतात हे तुला ठाऊकच आहे. तुझ्या चिठ्ठीवर लिहिलंय की मालक स्वतः आल्याशिवाय देऊ नये. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते पत्रात लिहवत नाही. एकदा येऊन जा. अर्धा दिवस काढ. बाकी मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही.

घरात सगळ्यांना माझे आशीर्वाद सांग, आणि आमची माया तुझ्या उंच खुर्चीपर्यंत पोचते असं धरून चाल.

ताई

---

जावक क्र. ८४१ / शोक
२० एप्रिल

मा. ताईसाहेब यांस,
स. न. वि. वि.

मा. साहेबांच्या आज्ञेवरून कळविण्यात येते की आपल्याकडून प्राप्त झालेल्या नकलांच्या आधारे कार्यालयात स्वतंत्र शोक शाखा सुरू करण्यात आली आहे. एक प्रमुख, दोन कारकून. पूर्वी एका पत्रास आपणांस दोन दिवस लागत असत असे समजते. आता दिवसाला चाळीस पत्रे निघतात.

आपली सर्व पत्रे समितीने वाचली. प्रत्येक पत्रात वेगळा मजकूर असल्याने कामात फार गोंधळ होतो असे समितीचे मत पडले. म्हणून सर्वांत हृदयस्पर्शी वाक्य मतदानाने निवडून तेच कायम करण्यात आले आहे. ते वाचताना समितीच्या अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आले, याची नोंद इतिवृत्तात आहे.

तसेच मा. साहेबांचे मनगटी घड्याळ आणण्यास पाठविलेला ड्रायव्हर रिकाम्या हाताने परतला. घड्याळास बांधलेल्या चिठ्ठीचे कारण त्याने सांगितले. सदर चिठ्ठी या कार्यालयास लागू होत नाही. तरी घड्याळ पुढील खेपेस द्यावे.

आपले सहकार्य असेच राहील अशी खात्री बाळगतो.

आपला विश्वासू,
स्वीय सहायक

---

९ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे तुझ्याच हातात पडेल अशी आशा आहे.

तुझ्या शोक शाखेने इथे काय करून ठेवलंय ते तुझ्या कानावर घालायलाच हवं. गेल्या महिन्यात आपल्याकडे तीन माणसं गेली. बेकरीवाला, शाळेची घंटा वाजवणारी मावशी आणि तालमीतला वस्ताद. तिन्ही घरी तुझी पत्रं आली, जाड कागदावर, सोनेरी कडेची. धोब्याच्या दुकानात तिन्ही घरच्या बायका एकत्र आल्या आणि सहज बोलता बोलता कळलं की तिघांच्या पत्रात एकच ओळ आहे. शिंक आली की खोलीत कोणी नसलं तरी माफ करा म्हणणारा इतका सभ्य माणूस पुन्हा होणे नाही. बेकरीवाल्याचं एक वेळ खपून गेलं असतं. मावशींचंही. पण वस्तादांनी जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती, पाय मोडलेल्या पोराचीसुद्धा नाही. त्यांच्या मुलाने ते पत्र तालमीत भिंतीला चिकटवलंय. येणारा-जाणारा वाचतो आणि पोट धरून हसतो.

ते वाक्य मी लिहिलं होतं, नाकारत नाही. बारा वर्षांपूर्वी नवे पोस्टमास्तर बदली होऊन आले आणि चार महिन्यांत गेले. त्यांच्याबद्दल गावात कोणालाच काही ठाऊक नव्हतं. मी दोन दिवस कोरा कागद घेऊन बसले आणि शेवटी दुसऱ्याच एका माणसाची सवय उसनी घेऊन त्यांना लावली. आयुष्यात तेवढी एकच लबाडी केली. त्यांची बायको मला भेटली तेव्हा म्हणाली की घरी कधी म्हणाले नाहीत, बाहेर म्हणत असतील, साहेबांनी किती बारीक पाहिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हजारभर पत्रांतून तुझ्या समितीने नेमकं खोटं तेवढं उचललं.

आता हसू नकोस आणि नीट वाच. यांच्या पायांवर सूज आली आहे. दोन उशा लावून बसूनच झोपतात. डॉक्टरीणबाईंनी महिना-दोन महिने म्हटलंय. परवा मला म्हणाले की धाकटा येईल तेव्हा त्याला उंच खुर्ची द्या, आपलं स्टूल बुटकं आहे. थट्टेने म्हणाले, पण मग बराच वेळ दाराकडे बघत होते. तू यायला हवंस. मी आता आडून आडून लिहीत नाही, सरळ सांगते की ये.

तुझी मोठी बहीण आहे हे ध्यानात असू दे.

ताई

---

जावक क्र. १२०६ / खासगी
२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. निवडणूक जाहीर झाली आहे हे तुला कळलंच असेल. त्यामुळे श्वास घ्यायला फुरसत नाही. शोक शाखेचं तू फार मनावर घेऊ नकोस. लोकांना मंत्र्याचं पत्र आलं याचंच अप्रूप असतं, आत काय लिहिलंय ते कोण वाचतो.

भाऊजींच्या तब्येतीचं वाचून काळजी वाटली. अधिवेशन, मग फुलझाडांचं प्रदर्शन, मग प्रचार, हे आटोपलं की पहिला तुमच्याकडेच येणार. तोवर त्यांना बरं वाटावं म्हणून माझा फोटो असलेलं भिंतीवरचं घड्याळ पाठवत आहे. खात्यातर्फे पाच हजार करून घेतली आहेत.

एक नवल सांगतो. यंदा सगळ्या जिल्ह्यात सर्दीची साथ दिसते. मी भाषणाला उभा राहिलो की पहिल्या रांगेत कोणीतरी शिंकतं. मग मागे शिंकतात, मग मैदानभर. आणि आपले लोक इतके सुसंस्कृत की सगळे एका सुरात माफ करा म्हणतात. काल बाजार चौकात तर दहा मिनिटं मला बोलताच आलं नाही. मी लोकांना आस्थेने सांगितलं की संकोच करू नका, तब्येतीला जपा. त्यावर जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो तू ऐकायला हवा होतास. आरोग्य खात्याला पत्र टाकलं आहे. हवा आपल्या बाजूने आहे.

भाऊजींना नमस्कार. मी येतोच आहे. तुझा हात डोक्यावर असला की मला कसली भीती नाही.

तुझा,
(सही शिक्क्याची)

---

जावक क्र. २९५५ / शोक
११ जुलै

श्रीमती ताई, घड्याळ दुरुस्ती दुकान, यांस,
स. न. वि. वि.

आपले पती यांच्या निधनाची वार्ता ऐकून मला अतीव दुःख झाले. त्यांच्याशी माझा व्यक्तिगत परिचय होता. शिंक आली की खोलीत कोणी नसलं तरी माफ करा म्हणणारा इतका सभ्य माणूस पुन्हा होणे नाही. आपल्या दुःखात मी आणि माझे खाते सहभागी आहोत.

आपल्या कुटुंबाचा लोभ पूर्ववत राहावा, ही विनंती.

आपला नम्र,
(सही शिक्क्याची)
उपमंत्री, वजनमापे आणि उद्याने

---

१४ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. जाड कागद, सोनेरी कड. मजकुरात चूक नाही.

हे मंगळवारी दुपारी गेले. शेजारच्या शिंप्याच्या घड्याळाचं झाकण लावत होते. डोळ्यावरचं भिंग काढलं, चिमटा जागेवर ठेवला आणि मला म्हणाले की जरा टेकतो. मी पाणी घेऊन आले तोवर सगळं संपलं होतं. त्याच संध्याकाळी मी तुला तार केली. बुधवारी सकाळी सगळं व्हायचं होतं. मी दुपारपर्यंत थांबवून धरलं. दर गाडीच्या आवाजाला उठून बघत होते. मग लोक म्हणाले की आता नको थांबायला.

तुझ्या फोटोचं घड्याळ महिन्यापूर्वीच आलं होतं. दिवसाला वीस मिनिटं मागे पडत होतं. यांनी ते दुसऱ्याच दिवशी उघडून दुरुस्त केलं आणि दारासमोर लावलं. म्हणाले, तो आला की त्याला दिसेल.

मला तुझा राग आलाय. लिहून ठेवते, म्हणजे मनात राहायला नको. बावीस वर्षं मी तुझ्या नावाने परक्या माणसांच्या दारात जाऊन बसले. कोण काय करायचा, कोण कसा हसायचा, सगळं गोळा केलं. माझ्या दारात तू स्वतः येशील एवढी एकच गोष्ट मी धरून चालले होते.

आता मला शिक्क्याचं पत्र नको, फळांची टोपली नको, ड्रायव्हर नको. लिहायचंच असेल तर स्वतःच्या हाताने लिही, आणि त्यात यांच्याबद्दल एक गोष्ट लिही. खरी, तू स्वतः पाहिलेली. ती सापडेपर्यंत लिहू नकोस. मी वाट बघेन. घड्याळ चिठ्ठीसकट खणात आहे.

ताई

---

३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर लागत नसेल तर सांभाळून घे. बावीस वर्षांत हाताने सहीसुद्धा फारशी केलेली नाही. जावक क्रमांक नाही, कारण कचेरी नाही. मी पडलो. थोडाथोडका नाही, पहिल्या निवडणुकीपेक्षाही जास्त. नदीचा काठसुद्धा गेला. पीए नव्या उपमंत्र्यांकडे रुजू झाले आणि तुझी पेटी सोबत घेऊन गेले. खोली रिकामी करताना तिसरी घंटा वाजवून पाहिली. कोणी आलं नाही.

तुझी तार मला मिळालीच नाही. कचेरीत आली, मजकुरात निधन हा शब्द दिसला म्हणून शोक शाखेच्या पेटीत गेली आणि ठरल्याप्रमाणे निकाली निघाली. तुझं चौदा तारखेचं पत्र घरी पडून होतं. मी दौऱ्यावर. निकालानंतर घरी आलो आणि फोडलं. भाऊजी गेल्याचं मला अठरा दिवसांनी कळलं, आणि त्याआधी मी दुखवटासुद्धा पाठवून मोकळा झालो होतो. यात पीएंची काही चूक नाही. मीच सांगितलं होतं की मरणाची पत्रं माझ्यापर्यंत आणू नका, वेळ जातो. आणि तार मिळाली नाही हे खरं असलं तरी त्याआधी तू दोनदा बोलावलं होतंस, ती पत्रं मिळाली होती. मी आलो नाही.

तू म्हणालीस तशी एक गोष्ट शोधत तीन दिवस बसलो. लाज वाटते सांगायला, पण पहिल्या दिवशी कागदावर आपल्या दुःखात सहभागी एवढंच उतरलं. दुसऱ्या दिवशी भाऊजींचा चेहरा आठवला, पण गोष्ट काही आठवेना. मी त्यांच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. प्रचाराची चित्रं लावताना ते नेहमी शिडी धरून खाली असायचे आणि मी वर असायचो.

काल शिडीवरून आठवलं. पहिल्या निवडणुकीत न्हाव्याच्या दुकानावर माझं चित्र लावायला एकदाच ते स्वतः वर चढले होते. मी खाली उभा. खळ लावून झाली आणि त्यांना जोराची शिंक आली. चित्र माझ्या नाकापासून हनुवटीपर्यंत टरकलं. मी खालून ओरडलो. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी त्या फाटक्या चित्राकडे बघून माफ करा म्हटलं, हाताने ते पुन्हा नीट बसवलं, आणि मग खाली उतरून मला सांगितलं की तो बरा आहे, काही बोलला नाही.

ताई, ती शिंक भाऊजींची होती. तू उसनी घेतलेली सवय त्यांची होती. मी ती जिल्हाभर, ज्याच्या त्याच्या दारात वाटली, तिच्यावर लोक हसले, तिनेच मला पाडलं, आणि तुझ्या दारात तेवढी ती खरी पोचली, तर ती कोणाची आहे हे मला ठाऊक नव्हतं. मजकुरात चूक नाही असं तू लिहिलंस त्याचा अर्थ मला काल कळला. मग मी पत्र खाली ठेवलं आणि खूप रडलो.

आणखी एक सांगायचंय. मतमोजणीच्या हॉलमध्ये मला खरोखरीच शिंक आली. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी माफ करा म्हटलं. कोणी हसलं नाही. वस्तादांच्या मुलाने मला बसायला स्टूल दिलं.

आता गाडी नाही, ड्रायव्हर नाही. रविवारी सकाळच्या बसने येतो. स्टँडवरून चालत येईन, वाटेत थोडा वेळ लागेल, कारण आधी वस्तादांच्या, बेकरीवाल्याच्या आणि मावशींच्या घरी जायचंय. तू घालून पाडून बोल, मी ऐकून घेईन. दारासमोरचं माझ्या फोटोचं घड्याळ मी येईपर्यंत काढू नकोस. मी हाताने काढीन. आणि खणातलं दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.

माया उरली असेल तेवढी ठेव.

तुझा
धाकटा